रिकाम्या डोंगरांची नावे

महाविद्यालयात इंग्रजी हा आवश्यक विषय म्हणून शिकलेल्या आमच्या पिढीतील बहुतेकांना वर्ड्‌स्वर्थची 'द सॉलिटरी रीपर' ही कविता कुठे ना कुठे भेटलेली असते. डोंगराळ मुलखात एक मुलगी एकटीच पीक कापते आहे, कापता कापता गाते आहे, आणि वाटेने जाणारा कवी थबकून ऐकतो आहे. गाण्याचा विषय काय असावा, याविषयी तो नाना तर्क करीत राहतो. आमच्या वर्गात या तर्कांचा अर्थ 'संगीताची विश्वात्मकता' असा सांगितला गेला, आणि परीक्षेत आम्ही तो तसाच लिहून गुण मिळवले. त्या तर्कांचे खरे आणि अगदी साधे कारण आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. मुलगी गेलिक भाषेत गात होती, आणि ऐकणाऱ्याला गेलिक येत नव्हती.

वर्ड्‌स्वर्थ १८०३ साली बहीण डॉरोथी हिच्यासह स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात हिंडला. कवितेचे बीज मात्र त्याला टॉमस विल्किन्सन या स्नेह्याच्या प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितात सापडले. कविता १८०५ साली लिहून झाली व १८०७ साली छापली गेली. म्हणजे ज्या मुलीने साऱ्या इंग्रजी जगाला भुरळ घातली, ती कवीला प्रथम दुसऱ्याच्या वाक्यात दिसली. या बारीकशा तपशिलाने कवितेचे मोल कमी होत नाही. पण ज्या काळात ही कविता लिहिली जात होती, त्याच काळात त्या डोंगरांतून गेलिक बोलणारी माणसे खोऱ्याखोऱ्यांनी उठवली जात होती, हे वर्गात कोणी सांगितले नव्हते. आणि आम्ही स्वतः शिकवू लागल्यावरही ते प्रथम सांगितले नाही.

पुढे स्कॉटलंडमधील डोंगरभटकंतीच्या, तेथील शब्दांत 'हिलवॉकिंग'च्या, इतिहासाकडे आम्ही वळलो ते या अपराधी जाणिवेतून, असे म्हणणे जरा नाटकी होईल. आमच्यापैकी दोघांना एका उन्हाळ्यात तेथे जाण्याचा योग आला, आणि जाण्यापूर्वी काही वाचावे म्हणून वाचू लागलो, इतकेच. वाचता वाचता ध्यानात आले, की दोर न लावता, पायांच्या बळावर डोंगर चढण्याचा हा वरवर निरुपद्रवी छंद तेथे जमिनीच्या मालकीशी, न्यायालयीन झगड्यांशी आणि मरू घातलेल्या एका भाषेशी पुरता गुंतलेला आहे. तेथे जाणाऱ्या नवख्याला सांगायच्या गोष्टीही या इतिहासातूनच निघतात, असे आमचे मत झाले.

प्रथम त्या रिकामेपणाविषयी. हायलँड्सची छायाचित्रे पाहणाऱ्याला सर्वांत आधी जाणवते ती निर्मनुष्यता. झाड नाही, वस्ती नाही, गवत आणि हेदर नावाच्या जांभळ्या फुलांच्या झुडपांनी झाकलेले उतार, वर ढग. हे 'आदिम निसर्गा'चे रूप आहे, असे प्रवासपुस्तके सांगतात. वास्तविक ते बरेचसे घडवलेले रूप आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत तेथील जमीनदारांनी कुळे उठवून त्या जागी मेंढ्या आणल्या; इतिहासात या प्रकाराला 'क्लिअरन्सेस' म्हणतात. उत्तरेकडील सदरलँडमध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ व १८१९ साली झालेली उठावणी सर्वांत कुप्रसिद्ध. घरांची छपरे जाळल्याच्या आरोपावरून पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ साली खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. माणसे किनाऱ्याकडे, ग्लासगोकडे, कॅनडाकडे गेली. पुढे मेंढ्यांचाही धंदा बसला, तेव्हा त्याच जमिनी श्रीमंतांच्या शिकारीसाठी हरणांना मोकळ्या सोडल्या गेल्या. या शिकारी रानांना 'डिअर फॉरेस्ट' म्हणतात. त्यांत झाड औषधालाही नसले तरी चालते, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावे लागते. राणी व्हिक्टोरिया १८४८ साली बाल्मोरलला प्रथम उतरली, १८५२ साली ती जहागीर राजघराण्याकडे आली, आणि हायलँड्समध्ये शिकारीला जाणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले.

या उलथापालथीचा साक्षीदार असलेला एक कवी आहे, आणि तो आमच्या मते या डोंगरांचा पहिला मोठा वाचक आहे. वाचक हा शब्द येथे थोडा विचित्र वाटेल, कारण डंकन बान मॅकिंटायर (१७२४-१८१२) याला लिहितावाचता येत नव्हते. तो ग्लेन ऑर्खी खोऱ्यातला, पेशाने जमीनदाराच्या रानाचा राखणदार. बेन डोरन या डोंगराची स्तुती करणारे त्याचे दीर्घ काव्य गेलिक वाङ्मयातील शिखर मानले जाते. त्याची रचना 'पिब्रोख' या मशकवाद्याच्या शास्त्रीय संगीतप्रकारावर बेतलेली आहे: मूळ चाल, मग तिचे विस्तार, पुन्हा चाल. ख्यालातील अस्थाई आणि तिची बढत ज्यांच्या कानांत आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. त्याच्या कविता दुसऱ्यांनी लिहून घेतल्या आणि १७६८ साली एडिंबरोत पुस्तकरूपाने निघाल्या. विशेष असे, की या काव्यात डोंगरावर चढण्याचा पराक्रम कोठेच नाही. हरिणी कोणत्या घळीत उतरते, कोणते गवत खाते, कोणत्या झऱ्याचे पाणी पिते, याचीच बारकाईने वर्णने आहेत. शिखर हे गंतव्य असते, ही कल्पनाच त्या कवितेला ठाऊक नाही.

हाच कवी पुढे पोटासाठी एडिंबरोच्या शहररक्षक दलात भरती झाला. १८०२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याने डोंगरांचा अखेरचा निरोप घेणारे काव्य रचले. बेन डोरनवर जाऊन पाहतो तो हरणे नाहीत, ओळखीची माणसे नाहीत. आहेत त्या मेंढ्या. त्याचे आणखी एक गीत कोल्ह्यांना उद्देशून आहे, आणि त्यात तो कोल्ह्यांना दुवा देतो, कारण ते मेंढ्या मारतात. वर्ड्‌स्वर्थचा प्रवास याच सुमाराचा आहे. दोन कवी जवळपास एकाच काळात एकाच मुलखात उभे राहून दोन वेगळे डोंगर पाहत होते, हे तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे.

असो. माणसे गेल्यावर डोंगरांवर कोणी जायचे, हा प्रश्न उरला. मालकांचे उत्तर सरळ होते: कोणीच नाही. हरणे बुजतात. या उत्तराला पहिले गाजलेले आव्हान दिले ते एका प्राध्यापकाने, हे नमूद करताना आम्हांला थोडा जातिवंत अभिमान वाटतो. एडिंबरो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फोर १८४७ साली मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन वनस्पती गोळा करीत ग्लेन टिल्ट या खोऱ्यातून उतरत असता ॲथॉलचा ड्यूक व त्याच्या शिकारी नोकरांनी त्यांना अडवले. ड्यूकने परत फिरण्यास फर्मावले, शाब्दिक चकमक झडली, आणि अखेर प्राध्यापकमजकूर विद्यार्थ्यांसह कुंपणाच्या भिंतीवरून उडी टाकून पसार झाले. या 'ग्लेन टिल्टच्या लढाई'वर विनोदी गाणे रचले गेले. पण विनोद मागे राहिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. सार्वजनिक वाटांच्या रक्षणासाठी एडिंबरोत १८४५ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या पुढाकाराने ते हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत पोचले, आणि वाट लोकांची ठरली.

चाळीस वर्षांनी ग्लेन डॉल येथे हेच नाट्य पुन्हा घडले. ऑस्ट्रेलियात पैसा कमावून आलेल्या डंकन मॅकफर्सन या मालकाने डोंगरापलीकडे जाणारी जुनी वाट बंद केली. त्या खटल्यात विद्वानांच्या नव्हे, तर म्हाताऱ्या मेंढपाळांच्या आणि एकेकाळी गुरांचे तांडे हाकत बाजाराला नेणाऱ्यांच्या साक्षी निर्णायक ठरल्या. आपण या वाटेने केव्हा गेलो, बरोबर किती जनावरे होती, कोणी अडवले की नाही, हे त्यांनी शपथेवर सांगितले. १८८८ साली निकाल वाटसरूंच्या बाजूने लागला. मात्र खर्चाने दोन्ही पक्ष खचले. याच दशकात विनन्स नावाच्या एका अमेरिकन धनिकाने किंटेल भागातील शिकारीचे प्रचंड रान भाड्याने घेतले आणि मर्डॉक मॅक्रे या गरीब रहिवाशाचे पाळलेले एक कोकरू आपल्या हद्दीत चरले म्हणून त्याच्यावर दावा लावला. 'पाळीव कोकराचा खटला' या नावाने तो प्रसिद्ध आहे, आणि १८८५ साली धनिक हरला. एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग कल्पिला असता, तर प्रतीक फार ढोबळ झाले म्हणून आम्हीच त्याचे गुण कापले असते.

एकेक वाट अशी लढून सोडवणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे डोंगरावर फिरण्याचा हक्कच कायद्याने मागणे. पुढे ॲबरडीनचे खासदार झालेले जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली तसे विधेयक संसदेत मांडले. ते मंजूर झाले नाही. पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि पुन्हा पुन्हा पडले. ब्राइस १८८७ साली स्थापन झालेल्या केर्नगॉर्म क्लबचे पहिले अध्यक्षही होते. त्यांच्या विधेयकातील मागणी प्रत्यक्षात कायदा होऊन यायला २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्कॉटलंडच्या संसदेने भूमिसुधारणा कायदा केला आणि २००५ पासून त्यातील प्रवेशाचा हक्क अमलात आला. आज स्कॉटलंडमध्ये बहुतेक सर्व जमिनीवर, ती खाजगी असली तरी, जबाबदारीने पायी हिंडण्याचा हक्क कोणालाही आहे. त्यासाठी परवाना लागत नाही, प्रवेशशुल्क नाही. घरांची आवारे, उभी पिके इत्यादी अपवाद आहेत. एकशे एकोणीस वर्षे! आपल्याकडे एखादे विधेयक पंधरा वर्षे रेंगाळले की आपण लोकशाहीलाच दोष देऊ लागतो.

याच दरम्यान डोंगरांना एक नवा लेखक मिळाला, आणि त्याचा ग्रंथ म्हणजे एक यादी. सर ह्यू मन्रो (१८५६-१९१९) यांनी १८८९ साली स्थापन झालेल्या स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात १८९१ साली तीन हजार फुटांवरील, म्हणजे ९१४ मीटरवरील, स्कॉटिश डोंगरांचे कोष्टक छापले. तोवर असे डोंगर तीसएक असावेत, असा समज होता. मन्रोंच्या कोष्टकात स्वतंत्र डोंगर २८३ निघाले आणि उपशिखरे धरून आकडा ५३८ वर गेला. आज फेरमोजणीनंतर 'मन्रो' २८२ आहेत. मालकाचे नाव डोंगराच्या जातीला मिळाल्याची उदाहरणे जगात फार नसावीत. १९०१ साली रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांनी यादी पुरी केल्याचे मानले जाते. शेवटच्या शिखरावर त्यांनी आधी दगडांच्या राशीचे चुंबन घेतले व नंतर पत्नीचे, अशी कथा आहे. पुढील माणसाला यादी पुरी करायला १९२३ साल लागले. आता पुरी केल्याची नोंद करवून घेणाऱ्यांची संख्या सात हजारांवर गेली आहे. स्वतः मन्रोंची यादी अपुरीच राहिली. स्काय बेटावरील 'इनॲक्सेसिबल पिनॅकल' या सुळक्याने त्यांना दाद दिली नाही, आणि घराच्या दिशेचा सोपा म्हणून शेवटासाठी राखून ठेवलेला एक डोंगरही राहून गेला. तो डोंगर १९८१ च्या आवृत्तीत यादीतून गळला, ही नियतीची थट्टा.

यादीविषयी आमचे मत मिश्र आहे. कोष्टकाने हजारो माणसांना घराबाहेर काढले, हे निर्विवाद. पण डंकन बानच्या कवितेत जो डोंगर घळी, झरे, गवत आणि हरिणी यांचा मिळून झाला होता, तो यादीत एक उंची आणि एक बरोबरची खूण एवढाच उरला. आपल्या अभ्यासक्रमांतही कवीचे असेच होते. पण तो वेगळा विषय.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात डोंगरांवर आणखी एक वर्ग आला. मंदीत काम गेलेले क्लाइडकाठच्या जहाजबांधणी कारखान्यांतील तरुण शनिवारी शहरातून निघत, कपारीत किंवा उघड्यावर झोपत, आणि सोमवारी बेकारीच्या रांगेत परत उभे राहत. अॅलिस्टर बोर्थविकच्या १९३९ च्या पुस्तकात त्यांची खुमासदार चित्रे आहेत. डब्ल्यू. एच. मरे याची कथा अधिक गंभीर आहे. १९४२ साली उत्तर आफ्रिकेत तो युद्धकैदी झाला. छावणीत मिळेल त्या कागदावर, मुख्यतः शौचालयाच्या कागदावर, त्याने स्कॉटलंडच्या डोंगरांविषयी पुस्तक लिहिले. ते गेस्टापोच्या हाती पडून नष्ट झाले. आणि त्याने ते सारे पुन्हा लिहून काढले. १९४७ साली ते 'माउंटेनिअरिंग इन स्कॉटलंड' या नावाने प्रसिद्ध झाले.

त्याच युद्धकाळात ॲबरडीनमध्ये नॅन शेफर्ड (१८९३-१९८१) ही अध्यापिका केर्नगॉर्म डोंगरांवर एक लहानसे पुस्तक लिहीत होती. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात तिने आयुष्यभर इंग्रजी शिकवले. लिहून झाल्यावर तिने हस्तलिखित कादंबरीकार नील गन यांना दाखवले, प्रकाशनाची चिन्हे दिसेनात तेव्हा खणात ठेवून दिले, आणि ते १९७७ साली, तीसएक वर्षांनी, 'द लिव्हिंग माउंटन' म्हणून बाहेर आले. २०१६ पासून तिचे चित्र रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर आहे. शेफर्ड शिखरासाठी डोंगरावर जात नाही. ती डोंगराच्या आत जाते, त्याच्या पठारावर निजते, पाण्यात उतरते, आणि माघारी आल्यावर आपण काय पाहिले यापेक्षा कसे पाहिले, याचा हिशेब मांडते. डंकन बानचे सूत्र दीडशे वर्षांच्या खंडानंतर दुसऱ्या भाषेत सापडावे, तसे ते पुस्तक वाचताना आम्हांला झाले.

आता नावांकडे वळू, कारण नवख्याला आमची पहिली सूचना नावांविषयीच आहे. हायलँड्सच्या नकाशावर बहुतेक नावे गेलिक आहेत. ज्या खोऱ्यात आज ती भाषा बोलणारे एकही घर नाही, तेथेही. 'बेन' म्हणजे डोंगर, 'म्यॉल' म्हणजे बोडके, गोलसर टेपाड, 'स्गूर' म्हणजे धारदार सुळका, 'कार्न' म्हणजे दगडांची रास, 'कोरी' म्हणजे डोंगराच्या कुशीतली कढईसारखी दरी, 'ब्यालख' म्हणजे खिंड. ही पाच-सहा नावे ज्याला कळली, त्याला नकाशा पाहताच पुढची चढण कशी असेल याचा निम्मा अंदाज येतो. ग्लेनकोच्या तोंडाशी उभा असलेला 'ब्वाखल एटिव्ह मोर' हा एटिव्ह खोऱ्याचा मोठा गुराखी आहे. आणि 'आरी' हा शब्द जेथे जेथे दिसेल, तेथे थांबावे. उन्हाळ्यात बायका-मुले गुरे घेऊन वरच्या कुरणात राहायला जात, तेथे लोणी-चीज करीत; त्या हंगामी वस्तीला 'आरी' म्हणत. गवतात बारकाईने पाहिले तर चौथऱ्यांचे दगड आजही पायाला लागतात. त्या दगडांशी उभे राहिल्यावर 'निर्मनुष्य' हा शब्द तोंडातून निघत नाही.

नावांची भाषांतरेही बोलकी आहेत. केर्नगॉर्म हे 'निळी रास' अशा अर्थाचे एका डोंगराचे नाव इंग्रजीने साऱ्या रांगेला चिकटवले. त्या रांगेचे गेलिक नाव मात्र 'तांबडे डोंगर' असे आहे. त्याच रांगेतील 'डेव्हिल्स पॉइंट' या शिखराच्या मूळ नावाचा अर्थ 'सैतानाचे लिंग'. राणीने अर्थ विचारला तेव्हा बरोबरच्या सेवकाने सोवळे भाषांतर केले, अशी आख्यायिका सांगतात. जाता जाता एक खुलासा: एडिंबरो शहरात 'आर्थर्स सीट' नावाची टेकडी आहे, पण महाबळेश्वरचे आर्थर सीट तिच्यावरून आलेले नाही, ते आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याच्या नावावरून आले. मालकम पेठ मात्र खऱ्याखुऱ्या स्कॉटिश माणसाची, मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांची.

नकाशाचा दुसरा भाग म्हणजे समोच्च रेषा, आणि तिचाही जन्म याच डोंगरांशी जोडलेला आहे. १७७४ साली नेव्हिल मास्केलाइन या खगोलशास्त्रज्ञाने शिहॅलियन (म्हणजे 'कॅलेडोनियनांचा पऱ्यांचा डोंगर') या १०८३ मीटर उंचीच्या डोंगराच्या दोन्ही बाजूंना ओळंबा किती कलतो हे मोजले, आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढण्याचा यत्न झाला. मोजणीचे आकडे हाताळताना चार्ल्स हटन या गणितज्ञाने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. समोच्च रेषांच्या अगदी आरंभीच्या वापरांपैकी हा एक. रेषा जवळ जवळ आल्या की उभा कडा, दूर गेल्या की पठार. व्याकरण एवढेच, पण धुक्यात प्राण वाचवणारे. म्हणून नवख्याने कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ बाळगावे आणि घरीच त्यांचा सराव करावा. भ्रमणध्वनीवरचा नकाशा चांगलाच असतो. थंडीत विजेरी संपेपर्यंत.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली घालून दिलेला नियम अजून वापरात आहे: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. मध्यमवयीन अध्यापकांनी त्यात सढळ हाताने भर घालावी. सुती कपडे, विशेषतः जीन्स, घालू नयेत, कारण भिजलेले सूत अंगातील ऊब शोषून घेते. सह्याद्रीत पावसाळ्यात भिजून हिंडलेल्या माणसाला ही सूचना क्षुल्लक वाटते. पण तेथे जूनमध्येसुद्धा माथ्यावर वारा सुटला की थंडी हाडांत शिरते. मे ते सप्टेंबर 'मिज' नावाच्या सूक्ष्म चावऱ्या माशांचे थवे असतात. वारा हाच त्यांच्यावर खरा उतारा. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम, तेव्हा स्थानिक सूचना वाचून वाट निवडावी. डिसेंबरात उजेड जेमतेम सात तास. हिमाच्या दिवसांत बर्फकुदळ आणि बुटांना लावायचे काटे नुसते जवळ असून भागत नाही, ते वापरता यावे लागतात. शिकलेला नसेल त्याने हिवाळ्यात वर जाऊ नये. संकटात ९९९ वर पोलिसांना कळवून 'माउंटन रेस्क्यू' मागावे. येणारी माणसे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत.

या सूचनांमागे एक घटना आहे आणि ती विद्यार्थ्यांना सहलीला नेणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरोच्या एका शाळेचा गट केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात सापडला. उंचावर एक लहान निवारा होता, तेथे पोचण्याचा बेत होता. निवारा सापडला नाही. पाच विद्यार्थी आणि एक तरुण प्रशिक्षणार्थी मार्गदर्शक दगावले. पुढे चौकशी झाली आणि पठारावरील निवारे असावेत की नसावेत यावर मोठा वाद झाला. निवारा आहे या भरवशावर माणसे नको तेव्हा वर जातात, हा युक्तिवाद मान्य होऊन ते काढून टाकण्यात आले. मुलांना डोंगरावर नेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडेही त्यानंतर कडक नजरेने पाहिले जाऊ लागले. बाल्फोरांच्या उडीची गोष्ट रंगवून सांगणाऱ्या आम्हांला ही दुसरी गोष्ट सांगताना शब्द जड होतात. परत फिरणे हा तेथील डोंगरांत शिकायचा पहिला धडा, असे जाणते लोक म्हणतात, आणि वर्गात तो शिकवता येत नाही.

आता आमचे. २०१८ च्या जूनमध्ये आम्ही दोघे ग्लासगोहून फोर्ट विल्यमकडे जाणाऱ्या गाडीने ब्रिज ऑफ ऑर्खी या चिमुकल्या स्थानकावर उतरलो. हा लोहमार्ग १८९४ सालचा. स्थानकाखालच्या बोगद्यातून वाट निघते आणि ओढ्याच्या कडेने खिंडीपर्यंत चढते; खिंडीत उजवीकडे वळले की बेन डोरनचा लांब दांड लागतो. उंची १०७६ मीटर. डोंगर निवडताना डंकन बान मनात होता, हे कबूल केले पाहिजे. खालपासून पाहिला तर तो अंगावर येणारा, सरळ रेघांचा, जणू लहान मुलाने काढलेला डोंगर. खिंडीपर्यंत चिखल आणि घाम. खिंडीच्या वर धुके. एकही हरीण दिसले नाही. मेंढ्या दिसल्या.

दांडावर वीसेक पावलांपलीकडचे दिसेना. वाऱ्याने बोलणे ऐकू येईना. बऱ्याच वेळाने दगडांची एक मोठी रास पुढ्यात आली, आणि तिच्यापलीकडे जमीन उतरताना दिसली. आम्ही राशीला हात लावला, थर्मासमधला चहा घेतला, खिशातल्या वहीत 'बेन डोरन, माथा, दुपारी १.४०' असे लिहिले आणि थंडी वाजू लागली म्हणून परतलो. एकूण साडेसहा तास लागले. नेस्मिथ यांच्या हिशेबाने साडेतीन पुरायला हवे होते.

परतीच्या गाडीत ओला नकाशा मांडीवर पसरून आम्ही वाट बोटाने पुन्हा चालत होतो. खिंड सापडली, दांड सापडला, रासही सापडली. नकाशावर तिला स्वतंत्र नाव होते. माथा तिच्याही दक्षिणेला, दोनएकशे मीटर पुढे, जरा उतरून मग चढल्यावर. धुक्यात पुष्कळ जण याच राशीवरून फसून परततात, हे नंतर वाचले. नाव होते 'कार्न सासनख'. पहिला शब्द आम्हांला येत होता. दुसऱ्याचा अर्थ शोधायला कोश लागला नाही; समोरच्या बाकावरील वृद्ध गृहस्थांनी तो हसत सांगितला: सॅक्सन, म्हणजे इंग्रज, म्हणजे बाहेरचा, ज्याला आमची भाषा येत नाही तो.